टकल्याचं तापमान

मुलांनो, डोळे मिटा. मिटलेत? जे चोरून बघताहेत त्यांनी निदान एक तरी डोळा मिटा. आता अशी कल्पना करा, की तुम्ही एक पांढरा, गुळगुळीत, कलिंगडाहून मोठा चेंडू आहात आणि भर समुद्रात एकटेच तरंगत आहात. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत. पण खाली पाण्यात लोंबणारं, नळीसारखं पोकळ असं एक लांबच लांब कापडी शेपूट आहे. त्या शेपटामुळे वाऱ्याने कितीही ढकललं तरी तुम्ही त्याच्या नादी लागत नाही, पाणी नेईल तिकडेच जाता. तुमच्या पोटात एक थर्मामीटर आहे. दर तासाला तुम्ही आकाशातल्या उपग्रहाला दोनच गोष्टी सांगता : "मी अमुक ठिकाणी आहे. इथलं पाणी इतकं गरम आहे." की पुन्हा तासभर गप्प. वर्गात असं वागलात तर बाई तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचतील.

उघडा डोळे. असे चेंडू खरोखरच असतात. त्यांना बोया म्हणतात, आणि जगातल्या समुद्रांवर ते शेकड्यांनी फिरत असतात. वादळ कुठे जोर धरणार, समुद्र वर्षानुवर्षं किती तापत चाललाय, हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. तर अशाच एका बोयाची ही गोष्ट. म्हणजे खरं तर त्या बोयापायी एका भल्या माणसाची जी शोभा झाली, तिची.

हा भला माणूस म्हणजे भिंगरीचे मामा. भिंगरी दहा वर्षांची. एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. तिचे आईबाबा फिरतीच्या नोकरीवर असल्यामुळे ते वर्ष ती मामा-मामींकडे राहत होती. मामा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, आणि त्यातून आयुष्याचं एकच तत्त्व काढलं : "यंत्र खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस." हे वाक्य ते दिवसातून किमान दोनदा म्हणत. वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या मामींना उद्देशून म्हणाले, त्या दिवशी मात्र घरात कुणी जेवलं नाही.

समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेने योजना काढली होती. प्रत्येक शाळेतल्या एका मुलाला एक बोया पाळायला द्यायचा. पाळायचा म्हणजे घरी आणायचा नाही. तो समुद्रातच राहणार. मुलाने फक्त संकेतस्थळावरून त्याचे आकडे उतरवायचे, नकाशावर त्याची वाटचाल मांडायची आणि दर रविवारी एक अहवाल पाठवायचा. असे बारा अहवाल जो पूर्ण करेल, त्याला संशोधनाच्या जहाजावर एक दिवस समुद्रात नेणार. भिंगरीच्या शाळेतून तिची निवड झाली. जहाजाच्या कोणत्या कठड्याशी उभं राहायचं आणि ओकारी आली तर कोणत्या बाजूला वाकायचं, हेसुद्धा तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पण अर्जाला एक दाखला जोडायचा होता : 'विद्यार्थी समुद्राजवळ राहतो'. मामा तो आणायला नगरपालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"समुद्र आमच्या हद्दीत येत नाही."

"अहो, पण मुलगी येते ना!"

"मुलगी येते. समुद्र येत नाही. आणि एक हद्दीत, एक हद्दीबाहेर, अशा दोघांमधलं अंतर आम्ही कसं प्रमाणित करणार?"

मामा स्वतः तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेले. या उत्तरात खोट काढायला जागा नाही, हे त्यांना लगेच कळलं आणि म्हणूनच ते जास्त चिडले. शेवटी इमारतीच्या सेक्रेटरींनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं : 'समुद्र आमच्या गच्चीवरून दिसतो. मात्र त्याच्या देखभालीची कोणतीही जबाबदारी इमारतीवर नाही.' संस्थेला हा दाखला चालला. बहुधा आवडलाही असावा.

बोया मिळाला. त्याचा फोटो आला, तो पाहून मामी म्हणाल्या, "अगं बाई, हा तर अगदी टकल्या!" आणि त्यांची नजर नकळत मामांच्या डोक्याकडे गेली. मामांनी टोपी घातली. बोयाचं नाव मात्र टकल्या पडलं ते पडलंच.

दहा आठवडे कसे सुरळीत गेले. बैठकीच्या भिंतीवर मोठा नकाशा लागला. भिंगरी रोज आकडे वाचायची आणि मामा लाल डोक्याची टाचणी टोचायचे. टकल्या आधी दक्षिणेला गेला, मग एक गिरकी घेऊन परत फिरला आणि हळूहळू किनाऱ्याकडे सरकू लागला. येणारा-जाणारा प्रत्येक जण नकाशापुढे उभा राहून सल्ला देई. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई रोज पहाटे समुद्रात पोहायला जात, त्यामुळे समुद्र आपल्या घरचाच आहे असं त्यांना वाटे. "प्रवाह आता बदलणार बघा. माझ्या गुडघ्यांना आधी कळतं," असं त्या सांगत. सेक्रेटरींचं म्हणणं, टकल्याला रंग भगभगीत द्यायला हवा होता. पांढऱ्यावर डाग दिसतात.

अकराव्या आठवड्यात मंगळवारी दुपारी भिंगरीने आकडा वाचला आणि ती थांबली. "मामा, टकल्या तापलाय."

रोज अठ्ठावीसच्या आसपास असणारं पाणी चव्वेचाळीस अंशांवर गेलं होतं. मामांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चव्वेचाळीसच. आंघोळीला आपण घेतो त्याहून कढत पाणी, तेही समुद्रात!

"नादुरुस्त झालं असेल तुमचं ते," मामी आतून म्हणाल्या.

नेमकं हेच बोलायला नको होतं. एखाद्या उपकरणावर विनाचौकशी आरोप झालेला मामांना सहन होत नसे. त्यांनी तत्काळ संस्थेच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला : बोया हरवला असल्यास एक दाबा. बोया सापडला असल्यास दोन दाबा. मामा ओरडले, "समुद्र उकळत असल्यास काय दाबायचं ते सांगा!" आवाजाने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने एक जिवंत माणूस मिळाला. तो म्हणाला की या बोयांचं काम बघणाऱ्या बाई जहाजावर आहेत, रविवारपर्यंत त्यांच्याशी बोलता येणार नाही, तोवर तक्रार क्रमांक घ्या.

"मला क्रमांक नको. तुमच्या थर्मामीटरच्या तपासणीचा दाखला हवाय मला."

आजवर असं काही कुणीच मागितलं नव्हतं. माणूस गडबडला, पण गुरुवारी दाखला आला. शिक्का, सही, तारीख सगळं जागच्या जागी. अंशाच्या विसाव्या भागापर्यंत अचूक. मामांनी तो तीनदा वाचला, उजेडासमोर धरून पाहिला आणि गंभीरपणे खाली ठेवला. थर्मामीटर निर्दोष होता. मग दोषी कोण? समुद्र!

बघा हं मुलांनो, माणूस कसा फसतो ते. मामांनी एकही चूक केली नव्हती. आकडा बरोबर, यंत्र बरोबर, दाखला बरोबर. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि तो राहिलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मामांनी संस्थेच्या संचालकांना पत्र लिहिलं : 'महोदय, आपल्या देखरेखीखालील समुद्र मंगळवारपासून धोकादायकरीत्या तापला असून आपले कार्यालय सुस्त आहे.' पत्राची प्रत त्यांनी सेक्रेटरींना दिली. आणि सेक्रेटरींना प्रत देणं म्हणजे गच्चीवरून ओरडण्यासारखंच. दंतवैद्य बाईंनी पोहणं बंद केलं. "तरीच! बुधवारी मला पाणी जरा कोमटच लागलं होतं," त्या म्हणाल्या. खरं तर बुधवारी त्यांचा गजरच वाजला नव्हता. शुक्रवारी जिन्यात सूचना लागली : 'रविवारी सायंकाळी पाच वाजता वाहनतळात सभा. विषय : समुद्र. वक्ते : मामा.' निवृत्तीनंतर मामांना पहिल्यांदाच कुणी बोलायला बोलावलं होतं. त्यांनी कोट बाहेर काढला.

इकडे भिंगरीला चैन पडत नव्हतं. ती तासातासाचे आकडे उतरवत होती आणि त्यांत तिला एक गंमत दिसत होती. दुपारी चव्वेचाळीस, तर पहाटे एकोणीस! पुन्हा दुपारी पंचेचाळीस, पुन्हा पहाटे वीस.

"मामा, एवढा मोठा समुद्र एका रात्रीत गार कसा होतो?"

"तापतो तसाच गार होतो."

"आणि टकल्या चार दिवस हललाच नाहीये."

"पाणी संथ असेल. मला भाषण लिहू दे."

शनिवारी भिंगरीने गच्चीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि शेजारी एक पत्र्याचं झाकण. दिवसभर ती थर्मामीटर घेऊन वरखाली करत होती. बादलीतलं पाणी सकाळी पंचवीस होतं, ते भर दुपारी कसंबसं एकतीसवर गेलं. झाकण मात्र त्रेपन्नावर पोचलं. तिचं बोटही भाजलं. संध्याकाळी ऊन उतरताच झाकण झटकन गार झालं. पाणी मात्र आपलं कोमटच राहिलं होतं. पाणी ऊन हळूहळू पितं आणि हळूहळूच सोडतं. मग जिथे बादलीभर पाणी हलायला तयार नाही, तिथे अख्खा समुद्र कसा हलेल?

ती खाली येऊन नकाशापुढे उभी राहिली. लाल टाचणी किनाऱ्याच्या रेघेवरच होती. भिंगरीने पट्टी लावली. टाचणीच्या डोक्याखाली आठ किलोमीटरचा मुलूख झाकला जात होता. त्यात समुद्रही होता, वाळूही होती, रस्तेही होते आणि घरंही होती. आकडे काटेकोर होते. टाचणी जाडी होती.

टकल्या पाण्यात नव्हताच!

भिंगरी धावत सुटली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थबकली. योजनेच्या पत्रकातला सातवा नियम तिला पाठ होता : बोया किनाऱ्याला लागल्यास अहवाल तिथेच संपतील. दहा झाले होते. अजून दोन हवे होते. दोनच! ती न बोलता परत फिरली आणि अंथरुणात शिरली.

रविवारी दिवसभर ती एका जागी बसून होती. मामींनी तीनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना मामा कोट घालून, भाषणाचे कागद घेऊन निघाले. जिन्यात भिंगरीने त्यांची बाही धरली.

"मामा, समुद्र तापला नाहीये."

"आता नको गं, लोक जमलेत."

"टकल्या कुठल्यातरी पत्र्यावर आहे. मला कालच कळलं. पण मला जहाजावर जायचं होतं ना, म्हणून नाही सांगितलं." एवढं बोलून तिने वही पुढे केली आणि रडू नये म्हणून ओठ घट्ट मिटले.

मामांनी जिन्यातच वही उघडली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. बादलीचा रकाना, झाकणाचा रकाना, टकल्याचा रकाना. झाकण आणि टकल्या अगदी भावंडांसारखे एकत्र वर चढत होते, एकत्र उतरत होते. तीस वर्षांचा निरीक्षक ते न ओळखेल तर काय? खाली वाहनतळात चाळीस खुर्च्या भरल्या होत्या. सेक्रेटरी ध्वनिक्षेपकात फुंकर मारत होते. अर्ध्या तासाची तर गोष्ट. भाषण उरकावं आणि उद्या हळूच पत्र मागे घ्यावं, असा विचार मामांच्या मनात आला का? आला. मी तुमच्यापासून काही लपवत नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत तो टिकला.

मामा ध्वनिक्षेपकापुढे गेले. भाषणाचे कागद त्यांनी घडी करून खिशात घातले.

"मंडळी, तराजूवर अंगठा ठेवणारे दुकानदार मी तीस वर्षं पकडले. आज अंगठा माझा होता. समुद्र व्यवस्थित आहे. बोया जमिनीवर आहे, आणि मला एवढं साधं विचारायला सुचलं नाही की थर्मामीटर ठेवलाय कुठे. ते हिने शोधलं."

मग दंतवैद्य बाई म्हणाल्या, "म्हणजे बुधवारी पाणी कोमट नव्हतं?"

"तुम्ही बुधवारी गेलाच नव्हता, बाई," मागून कुणीतरी बोललं आणि चाळीसही जण खो खो हसत सुटले. मामांचे कान लाल झाले. पण हसणं ओसरल्यावर कुणी घरी जाईना. आलोच आहोत तर टकल्याला तरी बघून येऊ, असं ठरलं. भिंगरीने टकल्याच्या ठिकाणाचे ताजे आकडे दंतवैद्य बाईंच्या फोनमध्ये शेवटच्या दशांशापर्यंत घातले आणि निळा ठिपका बरोबर एका छपरावर जाऊन बसला. सहा किलोमीटर. एक मोटार, चार स्कूटर आणि हट्टाने सायकलवर निघालेले सेक्रेटरी अशी वरात निघाली.

किनाऱ्यालगत जाळी दुरुस्त करणाऱ्या एका काकांची पत्र्याची खोली होती. छपरावर, उन्हाने पिवळसर झालेला टकल्या ऐटीत बसला होता. त्याचं लांबलचक शेपूट अंगणात पसरलं होतं आणि त्याच्या नळीतून काकांच्या कोंबड्या एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत होत्या.

"हा होय!" काका म्हणाले. "मंगळवारी सकाळी वाळूवर आला. पत्रा फार फडफडत होता, म्हटलं वजन म्हणून ठेवावा."

"त्याच्यावर स्पष्ट लिहिलंय, 'शास्त्रीय उपकरण, हलवू नये'," सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले.

"मग मी कुठे हलवलं? ठेवल्यापासून जागचा हलू दिला नाही!"

"वजन किती आहे हो त्याचं?" मामांच्या तोंडून सवयीने निघालं.

"पत्रा उडणार नाही इतकं."

मामांनी मान डोलावली. खात्यात असताना त्यांनी असलं उत्तर खपवून घेतलं नसतं.

त्यांनी तिथूनच मदतकक्षाला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुकाट्याने दोन नंबरचं बटण दाबलं. जहाजावरच्या बाईंशी जोडून मिळालं. त्यांना बोया सापडल्याचा आनंद झाला, पण लगेच त्यांनी विचारलं, "पाण्याबाहेर नेमका कधी आला? चव्वेचाळीससारखे आकडे आमच्या संगणकाने आल्याआल्याच बाजूला काढले. पण त्याच्या आधीचे दोनतीन आकडे तीस-बत्तीसचे असतील, तर ते खरे समजून हिशोबात धरले गेलेत. ते आम्हाला ओळखू येत नाहीयेत."

भिंगरीने वही उघडली. काकांना दोन प्रश्न विचारले. "मंगळवार, सकाळी नऊनंतरचे सगळे काढून टाका. नऊपर्यंतचे समुद्राचे, पुढचे या काकांच्या छपराचे."

पलीकडून बाईंनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"नऊ वाजेपर्यंत तो पाण्यासारखा वागत होता. नंतर झाकणासारखा."

बाई मनापासून हसल्या. मग त्यांचा आवाज जरा उतरला. "पण बाळा, नियमात बारा अहवाल आहेत. या वेळच्या जहाजाची यादी उद्याच बंद होते. मला काही करता येणार नाही."

"हे बघा, मी आत्ताच्या आत्ता संचालकांना दुसरं पत्र..." मामा फोन ओढत म्हणाले.

भिंगरीने फोन सोडला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने फ्रॉकच्या बाहीला पुसलं. ती मात्र कुणाकडेच बघत नव्हती. ती बघत होती उघड्या दारातून आत. तिथे काकांची बसायची जागा होती, जाळ्यांचा ढीग होता, आणि सूर्य मावळायला आला तरी आतून भट्टीसारखी धग बाहेर येत होती.

"बाई, छपरावर पंचेचाळीस होतं, तर छपराखाली किती असतं? ते कोण मोजतं?"

"असल्या खोल्यांमध्ये? फार थोड्या ठिकाणी मोजलंय. आमच्याकडे तरी नाही," बाई हळूच म्हणाल्या.

भिंगरी काकांकडे वळली. "काका, दुपारी आत किती गरम होतं?"

"होतं की. खूप."

"खूप म्हणजे किती?"

काकांनी मामांकडे पाहिलं. मामा आकाशाकडे पाहत होते, आणि त्यांची छाती हळूहळू फुगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी भिंगरी मामांच्या स्कूटरवर मागे बसून तिथे गेली. काकांकडून तिने एक खिळा मागून घेतला. तो छपराला न ठोकता, काका जिथे मांडी घालून बसतात तिथे, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर भिंतीत ठोकून घेतला आणि त्यावर थर्मामीटर टांगला. नव्या वहीवर तारीख घातली. 'सकाळी साडेसात. एकोणतीस.' मग जाळ्याच्या दोऱ्याने तिने वहीला पेन्सिल बांधली आणि वही काकांच्या मांडीवर ठेवली.

"बारा वाजता आणि दोन वाजता मी शाळेत असते. ते आकडे तुम्ही लिहायचे. आणि वाचताना डोळा लाल रेघेच्या अगदी समोर आणायचा. वरून बघितलं तर चुकतं. हं, या इकडे. वाका थोडं. आता सांगा, किती दिसतंय?"